डिव्हाइस मॅनेजर म्हणतो ठीक आहे, झूम म्हणतो कॅमेरा नाही

विंडोज छाटून हलकी केली, लॅपटॉप पळायला लागला आणि कॅमेरा बंद पडला, अशी मशिन्स माझ्याकडे सारखी येतात. बहुतेकांसोबत निदानही तयार असतं: कॅमेरा उडालाय, डिस्प्ले खोलून नवा टाकावा लागेल. मला या निदानाचा राग येतो. डिस्प्ले खोलणं हे सगळ्यात शेवटचं काम आहे. जुन्या लॅपटॉपच्या स्क्रीनभोवतीची प्लॅस्टिकची पट्टी आतून बारीक खाचांवर बसलेली असते. त्या खाचा तुटल्या की पट्टी पुन्हा कधी नीट बसत नाही. शिवाय कालपर्यंत कॅमेरा चालत होता, मध्ये फक्त नवी विंडोज टाकली, आणि नेमका त्याच संध्याकाळी कॅमेरा स्वतःहून उडाला, असं किती वेळा होणार?

म्हणून नुकतंच आलेलं एक मशिन सविस्तर लिहून ठेवते. लॅपटॉप मिरजेच्या आमच्या बाईंचा आहे. लहानपणी मी त्यांच्याकडे गाणं शिकायला जायचे. पुढे माझं गाणं सुटलं आणि मी हार्डवेअरकडे वळले, पण त्या अजून मला क्लासातलीच समजतात. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये त्यांनी ऑनलाइन शिकवायला सुरुवात केली आणि नंतरही ते चालू राहिलं, कारण पुण्या-बंगळुरातली मुलं मिळाली, एक मुलगी तर डब्लिनहून बसते. हे सगळं त्या जुन्या लॅपटॉपवर चालायचं: सातव्या पिढीचा आय थ्री, ४ जीबी रॅम, १ टीबीची हार्ड डिस्क. मशिन फारच रेंगाळायला लागलं तेव्हा ओळखीतल्या एकाने त्यावर 'लाइट' विंडोज टाकून दिली. नको ते सगळं काढलेली. लॅपटॉप खरंच झटकन चालू व्हायला लागला. दुसऱ्या दिवशी क्लास उघडला तर मुलांना बाईंच्या जागी काळा चौकोन.

"मोबाईल आहे की, त्याच्यावर घ्या," असं घरच्यांनी सांगितलं. बाईंनी दोन्ही गोष्टी मला नीट समजावून सांगितल्या आणि त्या मला पटल्या. एक म्हणजे, मोबाईलवर सहा मुलं घेतली की प्रत्येकाचा चेहरा नखाएवढा दिसतो. "अगं, सूर चढा लागायच्या आधी खांदे वर जातात, जबडा आवळतो. ते मला दिसलं पाहिजे." दुसरी गोष्ट मुलांच्या बाजूची. नेटवरून आवाज पोचायला वेळ लागतो, त्यामुळे गुरू-शिष्याला एकत्र गाता येत नाही, आळीपाळीने गावं लागतं. अशा वेळी बाई ताल हातावर दाखवतात. तीनतालाच्या सोळा मात्रांत पहिली, पाचवी आणि तेरावी टाळी, नवव्या मात्रेला 'खाली', म्हणजे टाळी नाही. मुलं तो हात बघून समेवर, म्हणजे पहिल्या मात्रेवर, येतात. काळ्या चौकोनात हात कुठून दिसणार? 'फक्त कॅमेराच ना' असं म्हणणाऱ्यांसाठी हे मुद्दाम लिहिलं.

आता काम.

मी पहिल्यांदा बाहेरून बघते. भिंगासमोर सरकणारी झाकणी आहे का, एफ-की वर कॅमेऱ्याचं चिन्ह आहे का, कुणी टिकली किंवा चिकटपट्टी लावलीय का. काही मॉडेलांत बाजूला छोटं बटण असतं, ते कॅमेऱ्याची जोडणीच तोडतं. मग बायॉसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधी उघडणाऱ्या मदरबोर्डच्या सेटिंगमध्ये, जाऊन तिथे कॅमेरा बंद करायची सोय असेल तर ती तपासायची. बाईंच्या लॅपटॉपवर यातलं काही नव्हतं.

पुढची पायरी मला सगळ्यात महत्त्वाची वाटते आणि तीच सगळ्यात जास्त गाळली जाते. पेनड्राइव्हवर लिनक्स मिंट ही विंडोजऐवजी चालणारी फुकट प्रणाली टाकायची, लॅपटॉप त्या पेनड्राइव्हवरून चालू करायचा आणि काहीही इन्स्टॉल न करता कॅमेरा बघायचा. हार्ड डिस्कला हातही लागत नाही. फायरफॉक्स त्यातच असतो, त्यात कॅमेरा तपासायचं कुठलंही पान उघडलं की झालं. टर्मिनलमध्ये 'एलएसयूएसबी' लिहिलं तर यूएसबीवर काय काय जोडलंय त्याची यादी येते. लॅपटॉपचा आतला कॅमेरा बहुतेक जुन्या मशिन्समध्ये यूएसबीचंच उपकरण असतो. बिजागरीतून जाणाऱ्या बारीक वायरीतून तो मदरबोर्डला जोडलेला असतो. यादीत तो चायकॉनी कंपनीच्या नावाने, ०४एफ२ या क्रमांकाने दिसला. आणि पान उघडताच स्क्रीनवर बाई दिसल्या, मागे कोपऱ्यात उभे तंबोरे.

म्हणजे भिंग ठीक, सेन्सर ठीक, वायर ठीक, बोर्डावरचं पोर्ट ठीक. जे बिघडलंय ते विंडोजमध्ये. बाई म्हणाल्या, "म्हणजे तार तुटलेली नाही, खुंटी सैल आहे." अगदी तेच.

इथे एक सावधगिरी. इंटेलच्या अकराव्या-बाराव्या पिढीपासून काही पातळ लॅपटॉपांत कॅमेरा यूएसबीवर नसतो. तो थेट प्रोसेसरमधल्या आयपीयू-६ या भागाला जोडलेला असतो, आणि लिनक्समध्ये त्याचा आधार बराच उशिरा आणि तुकड्यातुकड्यांनी आला. अशा मशिनवर मिंटमध्ये कॅमेरा दिसला नाही, तर कॅमेरा मेला असं समजू नका. मिंटमध्ये दिसला तर तो जिवंत आहे हे नक्की. मिंटमध्ये नाही दिसला तर आधी मॉडेल बघा.

परत विंडोजमध्ये आले. डिव्हाइस मॅनेजरमध्ये, म्हणजे जोडलेल्या उपकरणांच्या विंडोजमधल्या यादीत, कॅमेऱ्याचं नाव होतं, बिघाडाचं पिवळं चिन्ह नव्हतं, प्रॉपर्टीजमध्ये 'उपकरण नीट काम करत आहे' असंच लिहिलेलं होतं. झूममध्ये मात्र 'व्हिडिओ सुरू करता येत नाही, दुसरा कॅमेरा निवडा.' या दोन वाक्यांत लोक अडकतात, आणि मग ड्रायव्हर, म्हणजे विंडोजच्या वतीने उपकरणाशी बोलणारं सॉफ्टवेअर, शोधायला लागतात. बाईंच्या लॅपटॉपवरही तसल्या 'ड्रायव्हर अपडेटर' प्रकारातली दोन सॉफ्टवेअरं कुणीतरी टाकलेली होती. ती मी आधी काढली.

कॅमेऱ्याच्या ड्रायव्हरमागे धावणं बहुधा वाया जातं, आणि त्याचं कारण समजून घेण्यासारखं आहे. एके काळी प्रत्येक वेबकॅमसोबत सीडी यायची आणि सीडी हरवली की कॅमेरा निकामी. २००३ मध्ये यूएसबीचं प्रमाण ठरवणाऱ्या संस्थेने व्हिडिओसाठी एक सामायिक पद्धत ठरवली, यूव्हीसी. कॅमेऱ्याने आपण काय काय देऊ शकतो हे ठरलेल्या भाषेत सांगायचं आणि संगणकाने एकाच ड्रायव्हरने सगळ्यांशी बोलायचं. विंडोजमध्ये तो ड्रायव्हर एक्सपीच्या सर्व्हिस पॅक २ पासून, म्हणजे २००४ पासून आहे. त्याची फाइल 'यूएसबीव्हिडिओ डॉट सिस'. लिनक्समध्ये लॉराँ पिंशार यांनी लिहिलेला ड्रायव्हर २००८ साली २.६.२६ या कर्नलमध्ये, म्हणजे लिनक्सच्या गाभ्यात, आला. मघाशी पेनड्राइव्हवरून कॅमेरा लगेच चालला तो त्याच कामामुळे. तेव्हा डिव्हाइस मॅनेजरमध्ये नाव दिसतंय, पिवळं चिन्ह नाही, याचा अर्थ हा सामायिक ड्रायव्हर कॅमेऱ्याशी बोलतोय. डिव्हाइस मॅनेजर खोटं सांगत नाही. त्याची हद्दच तिथे संपते. त्याच्या वर अजून बरंच काही असतं: परवानगी, सर्व्हिस (पडद्यामागे चालणारा विंडोजचा भाग), मीडियाचा साचा (चित्र-आवाज हाताळणारा भाग), आणि मग झूम. छाटणी झालेल्या विंडोजमध्ये दोष जवळजवळ नेहमी या वरच्या थरांत सापडतो.

म्हणून आधी परवानगी. सेटिंग्जमध्ये प्रायव्हसी, त्यात कॅमेरा. पानाच्या डोक्यावर लाल अक्षरात ओळ होती की यातल्या काही सेटिंग्ज तुमची संस्था सांभाळते. खालचं बटण करडं, दाबलं तरी हलत नाही. बाईंनी चष्मा लावून वाचलं आणि विचारलं, "कुठली गं संस्था? मला निवृत्त होऊन किती वर्षं झाली." घरच्या लॅपटॉपवर ही लाल ओळ दिसली की समजायचं, कुणीतरी पॉलिसी लावलीय. ऑफिसात हजारो मशिन्स एकाच जागेवरून बांधून ठेवण्यासाठी मायक्रोसॉफ्टने ही सोय दिलीय, आणि 'प्रायव्हसी' वाढवणाऱ्या स्क्रिप्ट तीच वापरतात. रजिस्ट्री एडिटरमध्ये, जिथे विंडोजच्या आतल्या नोंदी बदलता येतात, लोकल मशिनखाली सॉफ्टवेअर, पॉलिसीज, मायक्रोसॉफ्ट, विंडोज, ॲपप्रायव्हसी असं उतरत गेले. तिथे 'लेट ॲप्स ॲक्सेस कॅमेरा' नावाची नोंद, किंमत २. शून्य म्हणजे ज्याचं मशिन तो ठरवेल, एक म्हणजे सक्तीची परवानगी, दोन म्हणजे सक्तीची मनाई. आधी त्या फोल्डरची प्रत काढून ठेवली, मग ती नोंद पुसली आणि मशिन रीस्टार्ट केलं.

लाल ओळ गेली, बटणं जिवंत झाली. पण त्या पानावर एक नाही, तीन बटणं असतात आणि तिन्ही बघावी लागतात. सगळ्यात वरचं पूर्ण मशिनसाठी, ते बंद असेल तर खालच्यांना अर्थ नाही. मधलं ॲप्ससाठी. आणि अगदी खाली, यादी संपल्यावर, डेस्कटॉप ॲप्ससाठी वेगळं. हे तिसरं २०१९ च्या १९०३ आवृत्तीपासून आहे. झूम, क्रोम, फायरफॉक्स हे सगळे याच तिसऱ्या गटात मोडतात, आणि लोक वरची यादी बघून 'झूमचं नावच नाही' म्हणत परत फिरतात. बाईंच्या मशिनवर वरचं आणि खालचं दोन्ही बंद होती. चालू केली.

झूम उघडलं. चित्र नाही. पण बराच वेळ गोल चक्र फिरत राहिलं आणि मग वेगळा संदेश आला.

संदेश बदलला की मला बरं वाटतं. आधी दारातच अडवलं जात होतं, आता आत जाऊन पुढे कुठेतरी अडलंय. एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि बदलल्यावर नक्की काय दिसलं ते वहीत लिहायचं, ही माझी पद्धत याच्यासाठीच आहे. एकदम पाच बटणं दाबली तर चाललं तरी कशाने चाललं ते कळत नाही, आणि पुढच्या मशिनवर पुन्हा पहिल्यापासून.

सर्व्हिसेसची खिडकी उघडली. यादीत 'विंडोज कॅमेरा फ्रेम सर्व्हर', आणि त्याच्यासमोर 'डिसेबल्ड'. ही सर्व्हिस एरवी 'मॅन्युअल'वर असते. कुठलंतरी ॲप कॅमेरा मागतं तेव्हा ती उठते, काम संपलं की झोपते. म्हणजे एरवी ती रॅम खात नाही, मशिन हळू करत नाही. तरी 'या सर्व्हिस बंद करा' म्हणून ज्या याद्या फिरतात त्यांत तिचं नाव असतं, कारण यादी करणाऱ्याच्या टेबलावर कॅमेराच नसतो. हे मला फार खटकतं. कुणाला काय नको हे तो माणूस ठरवतो ज्याने ते मशिन कधी पाहिलेलंच नाही.

फ्रेम सर्व्हर आला २०१६ च्या ॲनिव्हर्सरी अपडेटमध्ये. त्याआधी एका वेळी एकच ॲप कॅमेरा धरून ठेवायचं. एकापेक्षा जास्त ॲप्सना एकच कॅमेरा वाटून देता यावा म्हणून मायक्रोसॉफ्टने मध्ये हा थर घातला. घालताना सुरुवातीला आकुंचित चित्रप्रकार, एमजेपेग आणि एच.२६४, ॲप्सना देणं बंद केलं आणि जगभरातल्या असंख्य लोकांचे वेबकॅम गोठले. आकडे मांडले तर का ते लगेच कळतं. १२८० गुणिले ७२० चं चित्र, एका ठिपक्याला दोन बाइट, सेकंदाला ३० चित्रं: सुमारे ५५ एमबी प्रत्येक सेकंदाला. यूएसबी २ ची कागदावरची मर्यादा ६० एमबी, प्रत्यक्षात हाती लागतं ते त्याहून बरंच कमी. म्हणून एवढं मोठं चित्र कॅमेरा आतच एमजेपेगमध्ये दाबून पाठवतो. तोच प्रकार बंद केल्यावर काय होणार? पुढे मायक्रोसॉफ्टने ते दुरुस्त केलं, पण त्या काळात एक रजिस्ट्रीची युक्ती सगळीकडे पसरली, 'एनेबल फ्रेम सर्व्हर मोड' शून्य करायची. आजही जुन्या व्हिडिओंत ती सांगतात. आज तिची गरज नाही. सर्व्हिस आहे तशी राहू द्यावी.

मी ती मॅन्युअलवर आणली. शेजारची 'कॅपेबिलिटी ॲक्सेस मॅनेजर' ही परवानग्या तपासणारी सर्व्हिसही बघून घेतली, ती जागेवर होती. रीस्टार्ट. झूम. भिंगाजवळचा छोटा दिवा लागला आणि चित्र आलं. बाईंनी आधी स्वतःकडे न बघता हात वर करून एक आवर्तन दिलं, स्क्रीनवर हात बरोबर दिसतोय का ते बघायला.

इथे बरेच जण लॅपटॉप बंद करून पैसे घेतील. मला मात्र बाकीचं मशिन बघितल्याशिवाय ते परत द्यायचं नव्हतं. विंडोज अपडेट नावापुरतंही नव्हतं, मुळापासून काढलेलं. डिफेंडर, विंडोजचा स्वतःचा अँटिव्हायरस, काढलेला. मूळ फाइलींचा साठा, ज्यातून विंडोज स्वतःला दुरुस्त करते, तो जागा वाचवायला रिकामा केलेला. डिझम या विंडोजच्याच साधनाला दुरुस्तीची आज्ञा दिली तर ८००एफ०८१एफ हा क्रमांक आला, म्हणजे दुरुस्तीसाठी लागणाऱ्या फाइली सापडत नाहीत. याच लॅपटॉपवर बाई बँकेचं खातं उघडतात, कारण मुलांच्या फिया तिथे येतात. विंडोज १० चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. घरच्या लोकांना नोंदणी करून १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत सुरक्षेचे अपडेट घेता येतात, पण ते घ्यायला अपडेटची यंत्रणा तरी मशिनमध्ये हवी ना. आणि ही विंडोज कुणी छाटली, काढता काढता तिच्यात काय घातलं, हे सांगायला कुणीच नाही.

मी बाईंना सरळ सांगितलं की कॅमेरा चालतोय, पण ही विंडोज ठेवू नका.

तासगावच्या एका कॉलेजच्या मुलाचं मशिन आठवलं म्हणून हे इतक्या ठामपणे बोलले. त्याच्याकडे छाटणी याहून खोल होती. 'एमएफप्लॅट डॉट डीएलएल सापडत नाही' असा संदेश. ही फाइल मीडिया फाउंडेशनची, म्हणजे विंडोजमध्ये चित्र-आवाज हाताळणाऱ्या पूर्ण साच्याची. तो साचाच काढून टाकला होता. मुलाने कुठल्यातरी साइटवरून ती एकटी फाइल उतरवून सिस्टिम फोल्डरमध्ये टाकली होती, आणि मग तिच्यासारख्या दुसऱ्या फाइलीचं नाव घेऊन संदेश यायला लागला. हे कधीच करू नये. एक फाइल म्हणजे पूर्ण साचा नव्हे, आणि अनोळखी साइटवरची डीएलएल तर अजिबात नको. युरोपीय आयोगाच्या २००४ च्या निर्णयामुळे मायक्रोसॉफ्ट विंडोजची एक 'एन' आवृत्ती काढते, त्यात मीडियाचे भाग नसतात, आणि त्यासाठी 'मीडिया फीचर पॅक' मिळतो. तो पॅक त्या एन आवृत्तीसाठीच आहे. कुणीतरी कापलेल्या साध्या विंडोजवर तो लागत नाही. त्या मुलाला विंडोज नव्याने टाकण्यावाचून मार्ग नव्हता.

बाईंना भीती होती ती दोन गोष्टींची. लॅपटॉप पुन्हा हळू होईल ही एक, आणि लायसन्सचे पैसे पडतील ही दुसरी. दुसरीचं उत्तर सोपं. विंडोज ८ च्या काळापासून कंपनीने विंडोजसकट विकलेल्या लॅपटॉपचं लायसन्स मदरबोर्डच्या चिपमध्येच लिहिलेलं असतं. बाईंचा लॅपटॉप 'होम सिंगल लँग्वेज' घेऊन आला होता. वर टाकलेली लाइट विंडोज 'प्रो' होती, कुठल्यातरी खटपटीने चालू केलेली, आणि पैसे मोजलेलं खरं लायसन्स खाली तसंच पडून होतं. मायक्रोसॉफ्टच्या साधनाने आठ जीबीच्या पेनड्राइव्हवर त्याच आवृत्तीची विंडोज उतरवली, टाकली, नेट जोडलं, आणि ती आपोआप ॲक्टिव्हेट झाली. एक पैसा नाही.

पहिल्या भीतीवर मात्र खर्च झाला, आणि तो करायलाच हवा होता. लॅपटॉप हळू होता तो विंडोज जाड आहे म्हणून नव्हे. आतली हार्ड डिस्क मिनिटाला ५४०० फेरे घेणारी, आणि विंडोज १० ला एकाच वेळी शंभर जागांहून बारीकसारीक वाचायचं असतं. डिस्कची सुई तेवढी पळू शकत नाही. छाटणीने वाचायचं थोडं कमी होतं, म्हणून फरक वाटतो. २५६ जीबीची साधी साटा एसएसडी, म्हणजे फिरणारे भाग नसलेली डिस्क, घातली आणि रॅम ८ जीबी केली. आता न छाटलेली विंडोज त्या लाइटपेक्षा लवकर उघडते. जुनी डिस्क बाहेरच्या डब्यात घालून रेकॉर्डिंग साठवायला दिली.

मिंटच ठेवूया का, असंही मी विचारलं होतं. झूम तिथे चालतं, कॅमेरा चालताना आम्ही पाहिलाच होता आणि आधार संपण्याची काळजी मिटली असती. पण बाईंच्या सगळ्या बंदिशी श्रीलिपी या जुन्या मराठी फाँटच्या सॉफ्टवेअरमध्ये टाइप केलेल्या. ते अक्षर युनिकोड नव्हे, फाँट नसेल तर पान उघडल्यावर इंग्रजी अक्षरं आणि चिन्हांचा चिखल दिसतो. विंडोजच्या बाहेर ते सांभाळणं त्यांना जमणारं नव्हतं. आणि लाइट विंडोज टाकताना ते फाँटही गेलेच होते, फक्त बाईंनी अजून एकही बंदिश उघडून पाहिली नव्हती म्हणून कळलं नव्हतं. कपाटातून मूळ सीडी निघाली, तेव्हा काम झालं. तुमच्या घरी अशा जुन्या मराठी फाइली असतील तर फॉरमॅट मारायच्या आधी फाँट्सचं फोल्डर वेगळं काढून घ्या. फाइली डी ड्राइव्हवर वाचतात, फाँट सी सोबत जातात.

छाटणीला माझा विरोध नाही. मीही करते. सोबत आलेले खेळ काढते, स्टार्टअपला उगाच उठणारी ॲप्स बंद करते, सूचना आणि जाहिराती बंद करते, हे सगळं सेटिंग्जमधून, म्हणजे ज्याचं मशिन त्याला उद्या परत चालू करता येतं. सर्व्हिसेसच्या यादीला हात लावत नाही. बाईंच्या लॅपटॉपवर काय काय बंद केलं ते कागदावर लिहून तो कागद बॅटरीच्या बाजूला चिकटवला, पुढे तो दुसऱ्या कुणाच्या हातात गेला तर त्याला कळावं म्हणून.

एक शेवटचं काम उरलं होतं. संध्याकाळच्या क्लासात चित्रावर आडवे पट्टे सरकायचे आणि हात भराभर हलला की तो धुरकट दिसायचा. दोन्हींची कारणं वेगळी. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे ट्यूबलाइट सेकंदाला १०० वेळा कमीजास्त होते. कॅमेरा मात्र ६० हर्ट्झच्या हिशेबाने चित्र घेत होता. ओबीएस नावाचं फुकट सॉफ्टवेअर टाकलं की त्यात कॅमेऱ्याच्या मूळ सेटिंगची खिडकी उघडता येते. तिथे 'पॉवरलाइन फ्रीक्वेन्सी' ५० वर आणली आणि पट्टे गेले. त्याच खिडकीत 'लो लाइट कॉम्पेन्सेशन' चालू होतं. अंधार वाटला की कॅमेरा प्रत्येक चित्राला जास्त वेळ घेतो आणि सेकंदाला ३० ऐवजी निम्मीच चित्रं येतात. ते बंद केलं. मग चित्र काळवंडलं, तेव्हा बाईंची बैठक खिडकीकडे तोंड करून फिरवली आणि टेबललॅम्प लॅपटॉपच्या मागे ठेवला. आता द्रुत तीनतालातही खालीचा हात सुटा दिसतो, असं डब्लिनच्या मुलीने कळवलं.